पीसी कार्ड स्लॉटमधील व्होल्टेजबदल

जुन्या लॅपटॉपच्या पीसी कार्ड स्लॉटचा (मेमरी वगैरेंची काढघाल करता येणारी कार्डे बसवायच्या फटीचा) वीजपुरवठा कार्डाच्या गरजेप्रमाणे जोडणे, तोडणे आणि बदलणे म्हणजे व्होल्टेजबदल. १९८९ साली स्थापन झालेल्या पीसीएमसीआयए संघटनेने ६८ पिनांच्या या स्लॉटचे मानक ठरवले. त्यात दोन पुरवठे आहेत. व्हीसीसी (पिन १७ व ५१) हा कार्डाचा मुख्य पुरवठा असून तो ०, ३.३ किंवा ५ व्होल्ट असतो. व्हीपीपी (पिन १८ व ५२) फ्लॅश मेमरीवर लिहिण्यासाठी असून तो ०, व्हीसीसीइतका किंवा १२ व्होल्ट असतो. या यादीतला शून्य म्हणजे नुसते ‘बंद’ नव्हे. स्लॉटला ती अवस्थाही इतर दोन व्होल्टेजांइतक्याच काटेकोरपणे गाठावी लागते, आणि बिघाड तिथेही होतात.

स्लॉटमधल्या पिना वेगवेगळ्या लांबीच्या असतात. वीज आणि ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या सामाईक जोडणीच्या) पिना सर्वांत लांब, तर कार्ड आल्याची खूण देणाऱ्या ३६ व ६७ क्रमांकाच्या सर्वांत आखूड. त्यामुळे कार्ड पूर्ण बसल्यावरच ते ‘दिसते’ आणि ओढताना सर्वांत आधी ‘नाहीसे’ होते. कार्ड दिसल्यावर कंट्रोलर (स्लॉट सांभाळणारी लॅपटॉपमधली चिप) कार्डाला किती व्होल्ट हवेत ते सांगणाऱ्या व्हीएस१ (पिन ४३) आणि व्हीएस२ (पिन ५७) तपासतो. दोन्ही मोकळ्या (कशालाच न जोडलेल्या) असतील तर ५ व्होल्ट. व्हीएस१ ग्राउंडला आणि व्हीएस२ मोकळी असेल तर ३.३ व्होल्ट. केवळ कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या कार्डाच्या कडेची खाच वेगळी असते, म्हणून ते निव्वळ ५ व्होल्टच्या स्लॉटमध्ये शिरतच नाही. व्हीपीपी सुरुवातीला व्हीसीसीइतकाच ठेवतात. कार्डातली माहिती-सारणी वाचून झाल्यावरच १२ व्होल्टचा विचार करायचा. इंटेल ८२३६५एसएल कंट्रोलरमध्ये व्हीपीपीसाठी दोन बिट आहेत : ०० म्हणजे तोडलेला, ०१ म्हणजे व्हीसीसी, १० म्हणजे १२ व्होल्ट.

प्रत्यक्ष जोडतोड मॉसफेट (स्विचसारखे वापरायचे ट्रान्झिस्टर) करतात. एलटीसी१४७२ किंवा दोन स्लॉट सांभाळणारी टीपीएस२२०६ यांसारख्या चिपांत ते एकत्र मिळतात. सुटे भाग वापरून मांडणी करताना हमखास होणारी चूक म्हणजे ३.३ व्होल्टच्या वाटेवर एकच मॉसफेट लावणे. प्रत्येक मॉसफेटमध्ये अंगचाच एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. स्लॉटवर ५ व्होल्ट आले की त्या डायोडमधून वीज उलटी ३.३ व्होल्टच्या रुळावर (लॅपटॉपमधल्या त्या व्होल्टेजच्या सामाईक पुरवठ्यावर) चढते आणि त्या रुळावरचे सगळे भाग धोक्यात येतात. म्हणून दोन मॉसफेट एकमेकांकडे पाठ करून जोडतात. शिवाय एक वाट पूर्ण बंद झाल्याखेरीज दुसरी उघडता कामा नये.

वाट उघडायची तीही सावकाश. कार्डावर १५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) असेल आणि ५ व्होल्ट १० मायक्रोसेकंदांत चढवले, तर हिशेबाने ७५ अँपिअर लागतात. एवढा प्रवाह मिळणे शक्य नसते. मूळ पुरवठाच खाली बसतो आणि लॅपटॉप रिसेट होतो. तेच व्होल्टेज २ मिलिसेकंदांत चढवले तर जेमतेम ०.३८ अँपिअर पुरतात.

बंद करताना नेमकी उलटी अडचण येते. स्विचने वाट तोडली तरी कपॅसिटरमधला भार तसाच राहतो. कार्डाचा स्वतःचा रोध १०० किलोओहम असेल, तर ५ वरून ०.८ व्होल्टपर्यंत उतरायला जवळजवळ २७ सेकंद लागतात. १०० ओहमच्या वाटेने तो भार ग्राउंडला सोडला की तेच काम २७ मिलिसेकंदांत होते. मानकाला हे १०० मिलिसेकंदांच्या आत हवे असते, म्हणून स्विच-चिपमध्ये व्हीसीसी ग्राउंडला नेणारा स्वतंत्र मॉसफेट ठेवतात. तरीही व्हीसीसी १–२ व्होल्टवर अडकून राहिला, तर सिग्नलच्या तारांकडे पाहावे. कंट्रोलरने वीज तोडण्याआधी त्या मोकळ्या केल्या नसतील, तर कार्डाच्या आतल्या संरक्षक डायोडांतून चोरवाटेने वीज आत जात राहते. कार्ड धड बंद होत नाही आणि पुढच्या वेळी नीट रिसेटही होत नाही.

रोधाचे गणितही तंग असते. ५ व्होल्ट ±५ टक्के म्हणजे किमान ४.७५. मूळ पुरवठा ४.९ असेल आणि स्विचचा रोध ०.१५ ओहम, तर १ अँपिअरला ०.१५ व्होल्ट तिथेच जातात आणि कार्डाला बरोबर ४.७५ मिळतात. कनेक्टर आणि तांब्याच्या पट्टीसाठी काहीच उरत नाही.

१२ व्होल्टची गोष्ट आणखी नाजूक. २८एफ००८एसए फ्लॅश चिपला लिहिताना ११.४ ते १२.६ व्होल्ट लागतात आणि १४ ही तिची कमाल मर्यादा. स्विचने वाट फार झटकन उघडली तर तारेच्या इंडक्टन्समुळे (प्रवाहातल्या अचानक बदलाला विरोध करण्याच्या गुणामुळे) क्षणभर उसळी येऊन ती मर्यादा ओलांडली जाऊ शकते. उलट व्हीपीपी ६.५ व्होल्टपेक्षा कमी असेल तर चिप लिहिणे नाकारते. एखाद्या लॅपटॉपात १२ व्होल्टची सोयच नसेल, तर जुने फ्लॅश कार्ड उत्तम वाचले जाते, पण त्यावर एक बाइटही लिहिता येत नाही. कार्ड खराब समजून टाकून देण्याआधी १८ आणि ५२ या पिनांवर मल्टिमीटर लावून पाहावा.

(एसडी कार्डाचे ३.३ वरून १.८ व्होल्टवर जाणे हा वेगळा प्रकार आहे. तिथे फक्त सिग्नल उतरतात, पुरवठा ३.३ व्होल्टच राहतो.)

दुरुस्तीला आलेल्या स्लॉटची तपासणी भिंगातून, आत उजेड टाकून करावी; पिना स्लॉटमध्ये असतात आणि कार्ड तिरके घातले की त्याच वाकतात. वाकलेली पिन व्हीसीसीची असून ग्राउंडला टेकली असेल, तर स्विच-चिप प्रवाह रोखते आणि कार्ड मृत दिसते. नुकसान मात्र होत नाही. ४३ क्रमांकाची वाकली तर घोटाळा मोठा असतो. व्हीएस१ मोकळी आहे असे कंट्रोलरला वाटते आणि ३.३ व्होल्टचे कार्ड ५ व्होल्टवर चढते. म्हणून अशा स्लॉटमध्ये ग्राहकाचे कार्ड घालण्याआधी ही एक पिन नक्की पाहावी.