ओढाल तितकी आवळेल

विणलेल्या नळीत दोन्ही बाजूंनी एकेक बोट घालायचं आणि मग सोडवायला ओढायचं, हे खेळणं पुष्कळांनी हाताळलेलं असेल. ओढाल तितकी नळी घट्ट! कुणी हे जादू म्हणून दाखवलंच, तर त्याला शाळेतलं भूमितीचं पुस्तक दाखवावं.

जमिनीखालच्या पाइपांतून विजेची जाडजूड केबल ओढतात तीही याच युक्तीने. केबलच्या टोकावर पोलादी तारांचा विणलेला मोजा चढवतात आणि त्याच्या कडीला विंचचा, म्हणजे दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राचा, दोर अडकवतात. गाठ नाही, स्क्रू नाही, केबलला भोक पाडणं नाही. हीच केबल ग्रिप. तारा दणकट म्हणून पकड घट्ट, असा सर्वसाधारण समज असतो. तारा दणकट हव्यातच, पण पकड येते ती त्यांच्या तिरकेपणातून.

मोज्यातली 100 सेंटिमीटरची एक तार घ्या. ती केबलभोवती मळसूत्रासारखी फिरते. तो वेढा उलगडून सपाट केला की काटकोन त्रिकोण मिळतो: तार हा कर्ण, मोज्याची लांबी ही एक बाजू, सगळ्या वेढ्यांचा मिळून परीघ ही दुसरी. तार केबलच्या अक्षाशी 45 अंशांत असेल तर दोन्ही बाजू 70.7 सेंटिमीटर. आता मोजा ओढून कोन 30 अंशांवर आणा. लांबी होते 86.6 आणि परीघ उरतो 50. वेढे तितकेच आहेत, म्हणजे व्यास 29 टक्क्यांनी घटायला हवा. पण आत केबल बसलेली असते, तेव्हा घटायला जागाच नसते. मग ते आक्रसणं केबलवरचा दाब बनतं आणि दाबातून घर्षण.

खरी मजा पुढे आहे. मोज्याच्या शेपटाकडून, म्हणजे कडीच्या उलट टोकाकडून, कडीकडे येताना प्रत्येक सेंटिमीटरवर थोडं घर्षण जमा होतं. तिथे ताण जितका जास्त तितका दाब जास्त, आणि दाब वाढला की ताणात पडणारी भरही मोठी. चक्रवाढ व्याजच हे! आदर्श हिशेबात ताण किती पटींनी वाढतो हे घर्षणांक (दोन पृष्ठभागांत घर्षण किती ते सांगणारा आकडा), लांबी-व्यासाचं गुणोत्तर आणि कोनाच्या टॅन्जंटचा वर्ग यांच्या गुणाकाराची दुप्पट e (सुमारे 2.718) या संख्येच्या घातांकात घालून मिळतं. घर्षणांक 0.2 आणि लांबी व्यासाच्या 20 पट धरा. 30 अंशांना उत्तर येतं सुमारे 14 पट, 20 अंशांना जेमतेम 3 पट. बारीक केबलवर मोठा मोजा चढवला की तारा जवळजवळ सरळ होतात आणि तो सुटतो, तो यामुळे. मापाचाच मोजा हवा, हा कामगारांचा आग्रह अगदी शास्त्रीय आहे.

आणि मुद्दल शून्य असेल तर चक्रवाढ व्याजही शून्य. म्हणून शेपटाकडे पट्टी किंवा तार आवळून बांधतात. दिसायला क्षुल्लक, पण मोठ्या ओढीत सगळी पकड तिथून सुरू होते.

हाच घातांक पाइपच्या वळणांवर मात्र आपल्यावरच उलटतो. दोर खांबाला गुंडाळला की पकड किती वाढते, याचं सूत्र 18व्या शतकात गणितज्ञ ऑयलरने मांडलं. केबलसाठी प्रत्येक वळण म्हणजे तसाच खांब. घर्षणांक 0.35 असेल तर एक काटकोनी वळण ताण 1.7 पट करतं आणि अशी चार वळणं 9 पट. त्यामुळे वळणं जवळ असतील त्या टोकाकडून केबल आत सोडणं फायद्याचं, कारण तिथे गुणायला ताण अजून थोडाच असतो. केबलला वंगण लावतात तेही यासाठीच. मोज्याखाली मात्र ते जाता कामा नये.

जाहिरातीतल्या ‘अतूट पकडी’वर भरवसा ठेवू नका. मोजा धरतो ते केबलचं वरचं आवरण. आवरण आतल्या गाभ्यावरून घसरलं तर आवरण येतं आणि केबल मागेच राहते. म्हणून फार जड ओढीत थेट आतल्या वाहक तारांनाच कडी बसवतात.

मनगटाचं हाड मोडलं की ते जुळवताना डॉक्टर कधी कधी बोटांवर असेच जाळीचे मोजे चढवून हात टांगतात. काम झाल्यावर ते काढायला जोर लागत नाही. शेपटाकडून कडीकडे नुसतं ढकलायचं. तारांचा कोन उघडतो आणि जाळी आपोआप सैल पडते.