घरातल्या हवेतील बुरशी

बंद जागेच्या हवेत तरंगणारे बुरशीचे बीजाणू (तिचा प्रसार करणारे सूक्ष्म कण) आणि कवकतंतूंचे, म्हणजे तिच्या धाग्यांचे, बारीक तुकडे यांचा या नोंदीत विचार केला आहे. बुरशी वाढते ती ओल्या पृष्ठभागावर. हवा हे तिचे वाहन. कोरड्याठाक घरातही बीजाणू असतातच, कारण त्यांतले बरेचसे दारे-खिडक्यांतून आणि कपड्यांवरून आत येतात. क्लॅडोस्पोरियम आणि अल्टरनेरिया या प्रकारच्या बुरशीचे बीजाणू हे त्यांतले नेहमीचे पाहुणे. बाहेरच्यापेक्षा आत ॲस्परजिलस किंवा पेनिसिलियम या प्रकारच्या बुरशीचे बीजाणू बरेच जास्त सापडले, तर भिंतीत, छतात किंवा कपाटामागे कुठेतरी ओल धरली असल्याचा संशय घ्यावा.

ॲस्परजिलसचे बीजाणू साधारण २ ते ५ मायक्रोमीटरचे. स्थिर हवेत छतापासून जमिनीपर्यंत यायला त्यांना काही तास लागतात. अल्टरनेरियाचे जाडजूड बीजाणू काही मिनिटांतच खाली बसतात. अंथरूण झटकले, केरसुणी फिरवली की बसलेले पुन्हा उडतात. काळ्या बुरशीची, म्हणजे स्टॅकिबॉट्रिसची, तऱ्हा वेगळी. भिजलेल्या कागदावर, पुठ्ठ्यावर ती वाढते तेव्हा तिचे बीजाणू बुळबुळीत द्रवात चिकटलेले असतात आणि सहसा उडत नाहीत. डाग वाळल्यावर कोणी तो खरवडायला घेतला, की मात्र ते खोलीभर होतात. सफाईच अशी अंगाशी येते.

मोजणीची सर्वांत सोपी रीत म्हणजे पोषक आगार (बुरशी वाढवण्यासाठीचा जेलीसारखा थर) घातलेली बशी उघडी ठेवणे. तिच्यात जड बीजाणू जास्त पडतात, त्यामुळे हिशेब तिरका होतो. १९५८ मध्ये पुढे आलेल्या अँडरसन यंत्रात मिनिटाला २८.३ लिटर हवा सहा चाळण्यांतून ओढली जाते. वरच्या बशीवर मोठे कण अडकतात आणि फुप्फुसात खोलवर पोचणारे बारीक कण खालच्या बश्यांवर. काही दिवसांनी उगवलेल्या वसाहती (बुरशीचे ठिपके) मोजून दर घनमीटरचा आकडा काढतात. त्यात मेलेले बीजाणू धरले जात नाहीत, आणि ॲलर्जी तर तेही घडवतात. शिवाय काही मिनिटांचा नमुना सकाळी एक सांगतो, संध्याकाळी दुसरेच. त्यामुळे एकट्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत बीजाणूंची सुरक्षित मर्यादा ठरवलीच नाही. ओल टाळण्यावर भर दिला.

शिंका, नाक चोंदणे, दम्याचा जोर वाढणे या नेहमीच्या तक्रारी. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला ॲस्परजिलस फ्युमिगेटसचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. म्हणून अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या कक्षांत हवा हेपा गाळणीतून, म्हणजे अतिबारीक कणही अडवणाऱ्या गाळणीतून, सोडतात.

हवेतून आलेल्या बुरशीचा एक उपकारही नोंदवायला हवा: १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या लंडनमधील प्रयोगशाळेत पेनिसिलियम एका बशीत आगंतुकासारखे उगवले, आणि त्यातून पेनिसिलिनचा शोध लागला.

घरात कुबट वास येतो आणि डाग दिसत नाही, तेव्हा आधी पाणी शोधावे: गळका नळ, छताची भेग, थंड भिंतीला टेकवलेले कपाट. भिजलेली जागा २४ ते ४८ तासांत वाळवली, तर बुरशीला सहसा मूळ धरता येत नाही. ओल तशीच ठेवून वरून रंग मारला, तर काही दिवसांत पोपडे निघतात आणि डाग परत वर येतो.