स्किड स्टीअरवरचा हायड्रॉलिक ट्रेंचर

स्किड स्टीअर लोडर म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरवून, ती घसटत वळणारा छोटा लोडर. त्याची बकेट काढून तिथे लावायची, साखळीने चर खणणारी अटॅचमेंट म्हणजे हा ट्रेंचर. लांब बूमभोवती दात लावलेली साखळी फिरते आणि तिला फिरवणारी मोटर लोडरच्याच ऑक्झिलरी हायड्रॉलिक लाइनवर, म्हणजे अटॅचमेंटसाठी दिलेल्या ऑइलच्या जादा लाइनवर चालते. चर साधारण १५ ते ३० सेंमी रुंद आणि ९० ते १५० सेंमी खोल पडतो, पाइप किंवा केबलला तेवढा पुरतो.

साखळीवाल्या छोट्या ट्रेंचरचा उगम एड माल्झान यांच्याकडे जातो, ओक्लाहोमातल्या पेरी गावी १९४९ मध्ये आलेलं त्यांचं डिच विच हे मशीन. लोडरचं मात्र तेवढं सरळ नाही. मिनेसोटातल्या सिरिल आणि लुई केलर या भावांनी १९५७ च्या सुमारास टर्कीच्या शेडसाठी तीनचाकी लोडर बनवला, पुढच्याच वर्षी तो मेल्रो कंपनीकडे गेला, १९६० मध्ये चारचाकी एम-४०० हे मॉडेल आलं आणि या लोडरचं बॉबकॅट हे नाव १९६२ चं. बरेच जण १९५७ हेच जन्मवर्ष धरतात, पण त्या मशीनला मागे एकच मोकळं कॅस्टर चाक होतं, म्हणजे वळताना चाकं घसटण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे खरा स्किड स्टीअर म्हणायचा तर १९६० जास्त पटतं. तरी दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळी पुढेमागे फिरवायची क्लचची युक्ती केलर भावांचीच, ते श्रेय कोणी काढून घेऊ नये.

ट्रेंचर लावताना सगळ्यात आधी फ्लो बघायचा, म्हणजे लाइनमधून मिनिटाला किती ऑइल येतं ते. साध्या लोडरला मिनिटाला साधारण ६० ते ९० लिटर, हाय फ्लोवाल्याला ११० ते १५० च्या आसपास. फ्लोवर साखळीचा वेग ठरतो, प्रेशरवर जोर, आणि लोक हे दोन्ही सर्रास एकच समजतात. हाय फ्लोची मोटर साध्या लाइनवर लावली तर साखळी फिरते पण रेंगाळत. काही मोटरींना तिसरा बारीक होज असतो, केस ड्रेनचा, आतून झिरपलेलं ऑइल तो प्रेशरशिवाय टाकीत परत नेतो. तो जोडायचा राहिला तर मोटरचा शाफ्ट सील उडतो, म्हणून हे कपलर, म्हणजे होजचे जोड, दोनदा बघितलेले बरे. कपलर जोडण्याआधी लाइनमधलं प्रेशर सोडायचं.

जमिनीखालच्या लाइनी कुठून जातात ते आधी मार्क करून घ्यायचं. मग लोडरचे आर्म पूर्ण खाली, इंजिन फुल रेसवर, साखळी चालू, आणि बूम टिल्टने हळूहळू जमिनीत उतरवायचा. हवी ती खोली मिळाली की मशीन मागे मागे घ्यायचं, अगदी मुंगीच्या पावलांनी, बाजूचा ऑगर, म्हणजे फिरणारा मळसूत्री दांडा, माती कडेला सारत राहतो. साखळीचा आवाज दबला की मागे जाणं थांबवून बूम जरासा उचलायचा, दगडात अडकली तर फ्लो उलटा करून सोडवायची. चरात बूम असताना जागेवर वळायचं नाही, बूम वाकतो. कोपरा असेल तर बूम पूर्ण बाहेर काढून नव्याने उतरवायचा. आणि साखळी फिरत असताना जवळपास कोणी उभं नको, हे सगळ्यात महत्त्वाचं.

मऊ मातीला कप दात, खडकाळ जमिनीला कार्बाइडचे. साखळी फार आवळली तर बेअरिंग जातं, सैल राहिली तर उतरते. झिजलेली साखळी बदलताना तिला फिरवणारं दातेरी चाक, स्प्रॉकेटही सोबतच बदलतात, नाहीतर जुने दाते नवी साखळी लवकर खातात.