अक्षर गिरवणे आणि अक्षर पाहून काढणे

एका पानावर ठिपक्यांवरून गिरवलेला ‘क’ आणि दुसऱ्यावर नमुना पाहून काढलेला ‘क’, अशी बालवर्गातील मुलाची दोन पाने शेजारी ठेवली, तर कोणालाही पहिलेच पान सरस वाटेल. गिरवलेले अक्षर रेखीव दिसते. पाहून काढलेल्याची दांडी कललेली, डावीकडचा गोल उघडा आणि शिरोरेषा वर कुठेतरी सुटलेली असते. तरीही ‘क’ कसा घडतो याचा विचार दुसऱ्याच पानावर झालेला असतो. ही दोन कामे एकच मानल्यामुळे मुलांचा पुष्कळ सराव वाया जातो, असे मला मनापासून वाटते.

गिरवताना आकार आयता मिळतो. पेन्सिल रेषेवर ठेवणे, वळणावर वेग आवरणे आणि दाब सांभाळणे एवढेच मुलाकडे उरते, आणि ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याच्यासाठी तेही थोडे नाही. पाहून काढताना मात्र अक्षर न्याहाळावे लागते, कोठून सुरुवात करायची ते ठरवावे लागते आणि नजर नमुन्यावरून कागदावर येईपर्यंत आकार ध्यानात धरावा लागतो.

गिरवणाऱ्या मुलाच्या शेजारी बसून केवळ त्याचा हात पाहावा. पुष्कळदा ते एकेक ठिपका गाठत, मध्येच पेन्सिल उचलत पुढे जाते. दांडी खालून वर चढवते, किंवा आधी शिरोरेषा ओढून मग खालचे तुकडे जोडते. पान पूर्ण झाल्यावर यातले काहीही दिसत नाही, आणि चुकीचे वळण मात्र हातात बसते.

हा फरक वाचनापर्यंत पोहोचतो. करिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरे स्वतः काढली, काही गिरवली, तर काही कळफलकावर टंकली. नंतर ती अक्षरे पाहताना मेंदूतील वाचनाशी संबंधित भाग विशेषत्वाने सक्रिय झाले ते स्वतः काढलेल्या अक्षरांसाठी. अभ्यास लहान होता, पण त्यात सुचवलेले कारण पटण्यासारखे आहे: स्वतः काढलेले प्रत्येक अक्षर थोडे वेगळे उतरते, आणि त्या वेगळेपणातून त्या अक्षरात कायम राहणारे काय, हे मुलाला उमगत जाते.

म्हणून गिरवणे टाकून द्यावे, असे मात्र नाही. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून तर्जनी आणि मध्यमा फिरवते आणि त्याच वेळी अक्षराचा ध्वनी उच्चारते. तिथे गिरवण्यात स्पर्श, दिशा आणि आवाज एकत्र येतात. मुकाट्याने पानभर ठिपके जोडण्यात हे घडत नाही.

नुसते पाहून काढणेही पुरे पडत नाही. व्हर्जिनिया बर्निंजर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली पहिलीतील, हस्ताक्षरात मागे पडणाऱ्या मुलांसाठी निरनिराळ्या पद्धती ताडून पाहिल्या. त्यांत सर्वाधिक उपयोग झाला तो रेघांचा क्रम आणि दिशा दाखवणाऱ्या क्रमांकित बाणांचा नमुना पाहून, तो झाकून, आठवणीतून अक्षर लिहिण्याचा. त्यामुळे नवे अक्षर दोन-तीनदा बोटाने किंवा पेन्सिलीने गिरवून घ्यावे, मग बाण पाहून काढायला सांगावे आणि लगेच नमुना झाकावा. वाकडी उतरलेली अक्षरे खोडू नयेत. ओळीतले सर्वांत चांगले अक्षर कोणते ते मुलानेच शोधावे आणि त्याभोवती गोल करावा.