कोराडी-खापरखेडा : न घेतलेला पहिला नमुना

नागपूरहून कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनाला निघालं की देवळाच्या कळसाआधी वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. कोराडी आणि शेजारच्या खापरखेड्याची राख आजूबाजूच्या शिवारांत साठवली जाते : खसाळा, वारेगाव, नांदगाव. तिथल्या विहिरींचं आणि कोलार-कन्हान नद्यांचं पाणी राखेमुळे बिघडलं का, हा वाद आज तापलेला असला तरी त्याचं मूळ पन्नास वर्षं मागे आहे.

1974 साली केंद्राचा जल प्रदूषण कायदा झाला आणि त्याच वर्षी कोराडीचा पहिला संच सुरू झाला. महाराष्ट्र तर त्याच्याही पुढे होता. राज्याने 1969 मध्येच स्वतःचा कायदा केला आणि 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ उभं केलं. पण सगळा रोख कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यावर होता. प्रकल्पाआधी गावच्या विहिरीचं पाणी कसं होतं ते तपासून लिहून ठेवा, असं बंधन कुणावरच नव्हतं. ते आलं जानेवारी 1994 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेने. तोवर कोराडीला वीस वर्षं झाली होती आणि खापरखेड्याचे 210 मेगावॅटचे दोन संचही चालू झाले होते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजत आली आहे, पण विहिरीत पाणी किती आहे यावरून ते कसं आहे हे कळत नाही.

आपल्याकडच्या कोळशात साधारण 30 ते 40 टक्के राख निघते. ती पाण्यात कालवून पाइपाने तळ्यात सोडतात. राख तळाशी बसते, वरचं पाणी काही परत घेतलं जातं, काही सांडतं, काही जमिनीत मुरतं. मुरताना राखेतलं आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, सल्फेट त्यात उतरू शकतं. राख वापरात आणण्याचा पहिला नियम सप्टेंबर 1999 चा. पुढे दुरुस्त्या होत गेल्या, मुदती लांबत गेल्या आणि तळी भरत राहिली.

पाणी तपासणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. हातपंपाचं पहिलं पाणी बाटलीत धरलं की ते पाइपात थांबलेलं पाणी असतं. म्हणून आधी काही मिनिटं हापसत राहायचं, तापमान आणि सामू (पाणी किती आम्लारी ते सांगणारा आकडा, pH) स्थिरावला की मगच बाटली भरायची. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीलाच चिकटून बसतात आणि अहवालात पाणी स्वच्छ दिसतं. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम आहे. इतक्या बारीक मोजणीत एवढीशी हयगयही सगळा निकाल फिरवते.

2021 मध्ये मंथन अध्ययन केंद्र, नागपूरचं सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट आणि असर या संस्थांनी या परिसरातलं नदी-नाल्यांचं व भूजलाचं पाणी तपासलं. पारा, आर्सेनिक, अ‍ॅल्युमिनियम यांचं प्रमाण अनेक ठिकाणी मर्यादेबाहेर आढळलं. फेब्रुवारी 2022 मध्ये राज्याच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांनी नांदगावच्या तळ्यात राख टाकणं थांबवायला सांगितलं. जुलैमध्ये मुसळधार पावसात खसाळ्याच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शेतांतून, घरांजवळून वाहत नदीला मिळाला. पृष्ठजलाचं नुकसान त्या दिवशी तरी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

भूजलाचं तसं नाही, आणि माझ्या मते खरा अन्याय तिथेच आहे. विदर्भातल्या खडकांतून फ्लोराइडसारखे घटक मुळातच पाण्यात उतरतात. त्यामुळे ‘हे इथलं नैसर्गिकच आहे’ असं म्हणणं सोपं जातं. ते खोडायला गावकऱ्याकडे 1974 च्या आधीचा एकही कागद नाही. मग उरतो एकच मार्ग : तळ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या विहिरी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, वर्षानुवर्षं तपासून ताडून बघायच्या.

कोराडीत पुढे 660 मेगावॅटच्या आणखी दोन संचांचा प्रस्ताव आला. यावेळी आधीचं पाणी तपासणं नियमानेच आलं. पण नियमाला सहसा एका ऋतूचे, तेही पावसाळा सोडून घेतलेले नमुने पुरतात, आणि राखेचं पाणी जमिनीत सर्वात जास्त मुरतं ते पावसाळ्यात. शिवाय ‘आधीचं’ म्हणून जे पाणी बाटलीत भरलं जातं, ते पन्नास वर्षं राखेच्या शेजारी राहिलेल्या विहिरींचं असतं.