झाडं दाखवणाऱ्याचं पद

शाळेची सहल वनस्पती उद्यानात आली की मुलांना एखाद्या झाडापाशी थांबवून बोलतं करणारे शिक्षक आता बऱ्याच देशांत बागेच्या पगारावर असतात. पर्यावरणाची काळजी वाढल्यावर हे काम निघालं, असं अनेकांना वाटतं. पण युरोपातल्या पहिल्या वनस्पती उद्यानांचा इतिहास पाहिला तर शिकवणारा आधी आला आणि बाग त्याच्या मागणीवरून झाली.

सोळाव्या शतकात इटलीत वैद्यकाचे विद्यार्थी औषधी वनस्पती जुन्या ग्रीक ग्रंथांवरून शिकत. वर्णन तोंडपाठ, पण समोरची मुळी कशाची ते सांगता येत नसे. विक्रेत्यांनी त्याचा फायदा घ्यावा यात नवल नाही. चुकीची किंवा बनावट औषधं सर्रास खपत. पादुआ विद्यापीठात १५३३ मध्ये फ्रान्चेस्को बोनाफेदे यांच्याकडे औषधी वनस्पतींचं अध्यासन आलं. नुसतं वाचून दाखवण्याने भागत नाही, झाडं समोर हवीत, असा आग्रह त्यांनी धरला आणि १५४५ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने बागेला मंजुरी दिली. औषधी झाडं महाग. दंड, तुरुंग, हद्दपारी अशा शिक्षा असूनही रात्री चोऱ्या होत राहिल्या, तेव्हा १५५२ मध्ये बागेभोवती गोल भिंत घातली गेली. ती बाग आजही त्याच जागी आहे.

पिसामध्ये लुका गिनी याच सुमारास असंच शिकवत होते. हिवाळ्यात वाफे रिकामे पडले की काय दाखवायचं, हा त्यांचा प्रश्न होता. झाडं दाबून, वाळवून कागदावर चिकटवायची, हा त्यांचा तोडगा. आज संशोधनाचा कणा मानला जाणारा शुष्क वनस्पतिसंग्रह असा वर्गातल्या अडचणीतून निघाला, हे मला फार गमतीचं वाटतं.

पॅरिसच्या राजोद्यानाने १६४० मध्ये दारं उघडली आणि व्याख्यानं फ्रेंचमध्ये, फुकट, कुणालाही ऐकता येतील अशी ठेवली. लॅटिनमध्ये शिकवणाऱ्या वैद्यक विद्याशाखेला ते मुळीच रुचलं नाही. लंडनजवळ चेल्सीत औषधविक्रेत्यांच्या संघाने १६७३ मध्ये बाग काढली ती आपल्या शिकाऊ उमेदवारांसाठी. तिथे झाडं दाखवण्यासाठी नेमलेला माणूस असे आणि तो उमेदवारांना शहराबाहेर रानातही नेई. आजची ‘ट्री वॉक’ तेव्हा धंदेशिक्षणाचा भाग होती.

वसाहतींमध्ये गाडी रूळ बदलते. १७८७ मध्ये रॉबर्ट किडने कलकत्त्याजवळ बाग काढली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारासाठी : सागवान, मसाले, पैसा देणारी पिकं. पुण्याजवळ दापोडीची बाग १८२८ ची. तिथे १८३८ मध्ये आलेला अलेक्झांडर गिब्सन पेशाने डॉक्टर, त्यामुळे त्याचा भर औषधी झाडांच्या लागवडीवर. त्याने एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून बागेतल्या झाडांची सुरेख चित्रं काढून घेतली. ती आता एडिंबरात आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. या बागांतून रोपं, बिया, अहवाल बाहेर गेले. शिकायला यावं असा गावातला माणूस त्यांच्या हिशेबातच नव्हता. गणेशखिंडीच्या बागेचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत, पण तेही कॉलेजातल्या मोजक्या मुलांपुरतं.

खुद्द इंग्लंडातही सामान्य माणसाला सहज प्रवेश नव्हता. लंडनचं क्यू वनस्पती उद्यान १८४० मध्ये सरकारकडे आलं, तरी सकाळची वेळ अभ्यासकांची. हौशी गर्दीला सकाळी सोडायला संचालक जोसेफ हूकर यांचा कडवा विरोध होता आणि त्यावरून लोकांशी वर्षानुवर्षं भांडण चाललं. लहान मुलांना कुणी खिजगणतीत धरत नव्हतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन उद्यानात १९१४ मध्ये एलन एडी शॉ यांनी मुलांची बाग सुरू केली. तिथे मूल स्वतः पेरतं, निंदतं, भाजी घरी नेतं. आजच्या उद्यान-शिक्षकाचं काम वैद्यकाच्या प्राध्यापकापेक्षा या बाईंच्या कामाशी जवळचं आहे.

मुंबईची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली ती झाडांची बाग म्हणून. पुढे प्राणी आले आणि त्यांनी नाव खाल्लं; आज पोरांना पेंग्विन बघायचे असतात. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या नव्या आराखड्यात जुनी झाडं जातील अशी भीती निर्माण झाली, तेव्हा काही स्त्रियांनी मोहीम उभारली आणि लोकांना झाडं दाखवत हिंडायला सुरुवात केली.

अशा फेरीत कैलासपतीपाशी थांबावंच लागतं. फुलं थेट खोडावर, आत पिंडीवर नागाने फणा धरल्यासारखी रचना. लोक हात जोडतात, आणि झाड दक्षिण अमेरिकेतलं! फूल हातात घेऊन फणा जरा उचलला की खरी मौज दिसते. पुंकेसर दोन प्रकारचे आहेत. खालच्या कड्यातले परागकण बी धरवतात; फण्यावरचे केवळ भुंग्यांना खाऊ. भुंगा वरचा खाऊ खातो आणि खालचे परागकण पाठीला लावून पुढच्या फुलावर जातो.

खोडावरच्या पाटीत शास्त्रीय नाव आणि कुळ यापलीकडे काही मावत नाही. आपल्या सार्वजनिक बागांत माळ्याचं पद असतं, रखवालदाराचं असतं. फणा उचलून दाखवणाऱ्याचं सहसा नसतं, आणि ते काम बहुतेक ठिकाणी हौशी लोकांच्या सुट्टीच्या सकाळवर चालतं.