कॅमेरा ट्रॅप आणि ‘९९ टक्के अचूकता’: एक खुलासा

कॅमेरा ट्रॅप म्हणजे जंगलात लावलेला, हालचाल होताच आपोआप छायाचित्र टिपणारा कॅमेरा. त्याची छायाचित्रे ओळखणारी संगणकीय प्रणाली एकदा शिकवली, की ती कोणत्याही जंगलात आक्रमक परकीय प्राणी (बाहेरून येऊन स्थानिक जीवांना धोका ठरणारे) ‘९९ टक्के अचूकतेने’ शोधते आणि माणसाने छायाचित्रे पाहण्याची गरज उरत नाही, असा समज बरीच वर्षे पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. त्यासाठी टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातील ३२ लाख छायाचित्रांवरच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा दाखला दिला जातो. मात्र तेथे प्रणालीची परीक्षा त्याच प्रकल्पातील छायाचित्रांवर झाली होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका संशोधनाने दाखवून दिले, की कॅमेऱ्याची जागा बदलली की चुका लक्षणीय वाढतात, कारण प्रणाली प्राण्याबरोबर पार्श्वभूमीही शिकलेली असते.

एखाद्या बेटावरून असे प्राणी पूर्णपणे हटवण्याच्या निर्मूलन मोहिमेत अडचण अधिक गंभीर होते, कारण मोहीम शेवटाकडे येते तेव्हा हवा तो प्राणी अत्यंत दुर्मीळ झालेला असतो. समजा, १०,००० छायाचित्रांपैकी एकातच उंदीर आहे. तर रिकाम्या छायाचित्रांत १ टक्का चूक करणारी प्रणाली सुमारे १०० खोटे इशारे देईल, आणि सरसकट ‘उंदीर नाही’ असे सांगणारी निरुपयोगी प्रणाली मात्र ९९.९९ टक्के अचूक ठरेल. म्हणून एकूण अचूकतेपेक्षा किती उंदीर नजरेतून निसटले, हाच प्रश्न माझ्या मते आधी विचारायला हवा. बेटावर एक गाभण मादी उरली तरी सारी मोहीम वाया जाऊ शकते.

रिकामी छायाचित्रे वेगळी काढण्यात ही साधने खरोखर मोलाची आहेत. मेगाडिटेक्टर नावाचे साधन हेच काम करते. ते प्राणी, माणूस आणि वाहन ओळखते, प्रजाती सांगत नाही. संशयास्पद छायाचित्र तज्ज्ञाने तपासूनच प्राणी पकडण्याचे सापळे कोठे लावायचे ते ठरवावे.